अर्धं भाषांतर

खिडकीतला कारकून चांगली पाच मिनिटं बोलला, आणि मैनाने त्याचं भाषांतर एका दमात उरकलं.

"एक कागद कमी आहे म्हणतोय, आई. पुढच्या आठवड्यात आणू. चल."

तिच्या आईने काचेपलीकडे पाहिलं. कारकून तिच्याकडे बघत नव्हता. वाईट बातमी सांगून झाल्यावर माणूस उगाच इकडेतिकडे बघतो, तसा तो आपल्या शिक्क्यांच्या डब्याकडे बघत होता.

"एवढंच?"

"एवढंच."

"मग इतका वेळ काय सांगत होता?"

"अगं, तेच तेच. सरकारी लोक कसे बोलतात ते तुला माहीत नाही का?"

माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच शंका आली.

आईला इथे सगळे शिवणबाई म्हणायचे. नवरा पाळक. मायदेशातल्या एका लहानशा मिशनने त्यांना इथे पाठवलं, तेव्हा मैना बालवाडीतही गेली नव्हती आणि धाकट्याचा तर पत्ताच नव्हता. तुरुंगातून सुटलेल्या, पण घरी कोणी दारात उभं करत नाही अशा बायकांसाठी मिशनने एक आसराघर काढलं होतं. पाळक ते चालवायचे, रविवारी उपासना घ्यायचे, आठवड्यातून दोनदा तुरुंगात जाऊन तिथल्यांशी जमेल तशा भाषेत बोलत बसायचे. बाई घराच्या खालच्या मजल्यावरच्या खोलीत शिवणाचा वर्ग घ्यायच्या. चार मशिनी, त्यातली एक कायम रुसलेली.

मुलीचं बाप्तिस्म्याला ठेवलेलं नाव वेगळं होतं. पण इथे आल्यावर थोड्याच महिन्यांत ती इथली भाषा अशी घडाघडा बोलायला लागली की वडील तिला मैना म्हणू लागले, आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. तेव्हापासून घराच्या आणि जगाच्या मधे मैना उभी. विजेचं बिल मैना, शाळेची सभा मैना, दवाखाना मैना. जेमतेम दहा वर्षांची असताना तिने आईचं बाईकी दुखणं डॉक्टरला सांगितलं होतं. तेव्हा तिचे कान लालबुंद झाले होते, पण एक शब्द गाळला नव्हता.

आणि परवान्याची कचेरी तर मैनाचीच. पाळकांना तिथे नेण्यात अर्थ नव्हता. एकदा नेलं, तर मागच्या म्हातारबुवांना घाई आहे म्हणून त्यांनी आपलं टोकन त्यांना देऊन टाकलं. सगळा दिवस पाण्यात. वर घरी येऊन म्हणाले, "प्रभू पाहून घेईल." बाई म्हणाल्या होत्या, "पाहून घेईलच, पण झेरॉक्स आपल्यालाच काढाव्या लागतात."

बसमध्ये मैना खिडकीशी बसली आणि बाहेर बघत राहिली. बाई तिच्या मानेकडे बघत राहिल्या.

कारकुनाच्या त्या लांबलचक बोलण्यातले तीन शब्द त्यांना कळले होते. हे मैनाला ठाऊक नव्हतं. आईला इथली भाषा येत नाही, हे घरात इतकं पक्कं ठरून गेलं होतं की खुद्द बाईंनाही ते खरं वाटायचं. भाजीवाल्याशी बोलताना त्यांची अजून त-त-प-प व्हायची. पण वर्गातल्या बायका दिवसभर तोंड चालवायच्या, आणि त्यांच्या बोलण्यात भाजी नसायची. त्यात जामीन असायचा, वकील, तारीख, सुनावणी, कलम. त्यामुळे कांद्याला इथे काय म्हणतात ते बाई दर वेळी विसरायच्या, पण मुदत, एकटी आणि बाहेर हे शब्द झोपेतही ओळखले असते.

मुदत. एकटी. बाहेर.

मन चिंती ते वैरी न चिंती. बस दुसऱ्या थांब्यावर पोचायच्या आत बाईंनी सगळं जुळवून टाकलं होतं. मैना आता अठरा पूर्ण करणार. अठरा झाली की ती कुटुंबाच्या फायलीतून बाहेर. म्हणजे पोरीला एकटीला देशाबाहेर काढणार, आणि त्याला मुदत दिलेली आहे. ती जाणार कुठे? मायदेशी ती सुट्टीत गेलेली, पाहुणी म्हणून. दिराच्या घरी दोन खोल्यांत पाच माणसं. आणि ही पोर सगळं गिळून एकटीच सोसायला निघाली आहे.

"मैना."

"काय गं?"

"कोणता कागद कमी आहे?"

तिने मान वळवली नाही. "मिशनचा. मी बघते."

घरी पाळक स्वयंपाकघरात उभे राहून धाकट्याची वही तपासत होते. "झालं काम?"

"एक कागद राहिला, पप्पा," मैना म्हणाली, आणि आईकडे न बघता आत गेली.

बाईंनी नवऱ्याला काही सांगितलं नाही. सांगणार काय? तीन शब्द ऐकले म्हणून? पाळकांनी डोळे मिटून हात जोडले असते, आणि बाईंना त्या घडीला प्रार्थनेपेक्षा माहिती हवी होती. असं वाटल्याबद्दल त्यांना थोडी शरमही वाटली. त्यांनी भाजी चिरायला घेतली आणि बोट कापून घेतलं.

पुढचे काही दिवस मैना उशिरा घरी यायला लागली. विचारलं की लायब्ररी. ताटात वाढलेलं निम्मं धाकट्याच्या ताटात सरकवायची. फोन आला की जिन्यात जाऊन बोलायची आणि परत आली की खोटंखोटं हसायची. दारावर टपालवाल्याची चाहूल लागली की बाई हातातलं काम टाकून जिन्यात धावायच्या. वर्गात त्यांनी एकीच्या झग्याला उलटी बाही लावून दिली.

"बाई, ही बाही पाठीवरून काढायची आहे का?" टाचणीने विचारलं.

टाचणी म्हणजे वर्गातली सगळ्यात किडकिडीत बाई. जीभ अशी की नाव दुसरं काही पडलंच नसतं. बाईंनी बाही उसवायला घेतली आणि खालमानेने, मोडक्यातोडक्या भाषेत तिला विचारलं, की खिडकीतल्या माणसाने एकटी म्हटलं, मुदत म्हटलं, तर त्याचा अर्थ काय काय होऊ शकतो.

टाचणीने कात्री खाली ठेवली. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"मुलीने सांगितलं, की सगळं ठीक आहे."

"माझा वकीलही सांगायचा, सगळं ठीक आहे. ठीकच होतं, त्याचं." तिने कात्री पुन्हा उचलली. "स्वतः जाऊन विचारा, बाई. खिडकी काय खाते का?"

खिडकी खात नाही हे बाईंना मान्य होतं. तरी दुसऱ्या दिवशी एकटीने बसमध्ये चढताना त्यांनी थांब्याचं नाव दोनदा विचारून घेतलं. आयुष्यात बाई कधी त्या कचेरीत मैनाशिवाय गेल्या नव्हत्या. पर्समध्ये सगळ्यांचे पासपोर्ट, जुने परवाने, लग्नाचा दाखला, दोन्ही मुलांचे जन्मदाखले, आणि न जाणो म्हणून धाकट्याचं लसीकरणाचं कार्डसुद्धा.

टोकन घेऊन त्या वळल्या, आणि समोरच्या बाकावर शाळेचं दप्तर मांडीवर घेऊन मैना बसलेली.

आधी मैना बोलली.

"तू इथे काय करतेस?"

"मी तुला तेच विचारणार होते. लायब्ररी इकडे हलवली का?"

मैनाने बाकावर सरकून जागा केली. बाई तिच्या शेजारी बसल्या. बाकावर एक बाई पोराला मांडीवर थोपटत होती, पलीकडे एक गृहस्थ फायलीवर डोकं ठेवून चक्क झोपले होते. कोणाचं कोणाकडे लक्ष नव्हतं.

"सांग," बाई म्हणाल्या. "मला कळलंय. तुला काढतायत. एकटीला."

मैनाने मान वर केली. "मला? मला नाही, आई."

"मग?"

"तुम्हाला." मैनाने दप्तराचा पट्टा बोटाला गुंडाळला. "पप्पांना, तुला आणि धाकट्याला. इथली मिशनची नोंदणी संपली, आणि ती कोणी पुन्हा करून घेतलीच नाही. नोंदणी नाही म्हणजे मिशन नाही, आणि मिशन नाही तर पप्पा इथे काय करतात, असं त्यांचं म्हणणं. परवाना नाकारलाय, पप्पांची मुदत संपवली, तुम्ही देशाबाहेर जायचं. ज्यांनी शाळा इथे केली त्यांना अठरा झाल्यावर स्वतःचा परवाना मिळतो. म्हणून मी राहू शकते. एकटी."

शब्द तेच तीन होते, फक्त बाईंनी ते उलटे लावले होते, त्या बाहीसारखे. पोरगी जाणार म्हणून इतके दिवस जीव टांगणीला लागला होता. तो खाली आला, आणि दुसऱ्या खुंटीवर जाऊन बसला.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर पप्पांनी माळ्यावरून बॅगा काढल्या असत्या. प्रभूची इच्छा म्हणून. आणि तू म्हणाली असतीस, मैनाला मागे ठेवायचं नाही, तीही येणार."

"म्हणाले असते."

"मग?"

"तुला राहायचंय," बाई म्हणाल्या.

"हो. पण तुम्ही सगळे इथे असताना." तिने बाहीने नाक पुसलं, लहानपणी पुसायची तसं. "मी मिशनच्या हेड ऑफिसला फोन केला. तीनदा. ते काका म्हणतात, साहेब दौऱ्यावर आहेत."

साहेब कोणत्याही देशातले असोत, दौऱ्यावरच असतात. बाईंच्या मनात तेवढ्यातही हे आलं.

"आणि इथे?"

"इथे सुनावणी मागता येते. पण ती मोठ्या माणसाने मागायची, मी नाही. मी विचारते, दुसरा काही मार्ग आहे का, तो म्हणतो, मोठ्या माणसाला घेऊन ये."

"अगं, मग आणायचं ना मोठं माणूस. घरात दोन आहेत."

मैना हसली नाही. इतकी वर्षं ज्यांच्या वतीने बोलत आलो, ती मोठी माणसं आहेत हे ती पोर विसरूनच गेली होती. आणि त्यात तिची तरी काय चूक, असं बाईंना वाटलं. आपणही विसरलोच होतो की.

टोकनचा नंबर लागला. मैना सवयीने पुढे झाली. बाईंनी तिचा दंड धरला.

"तू गप्प उभी राहा. अडले तर विचारीन."

कारकुनाने मैनाला ओळखलं आणि थकल्यासारखा उसासा टाकला. मग काचेला तोंड लावून बाई बोलल्या. शब्द जरा जोरातच निघाले. माझ्या माणसाची मुदत कोणत्या कलमाखाली संपवली ते सांगा, त्या म्हणाल्या. आम्हाला तारीख द्या. सुनावणी झाल्याशिवाय मी कसलीही सही करणार नाही, अंगठाही देणार नाही.

कारकुनाचा पेन थांबला. मागच्या टेबलावरच्या दोघींनीही माना वर केल्या. त्याने बाईंना खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि काहीतरी विचारलं.

मैना कुजबुजली, "आई, तो विचारतोय, तू किती दिवस आत..."

"कळलं मला." बाई लाल झाल्या. "आत नव्हते. आतून सुटलेल्या बायकांना शिवण शिकवते. भाषा त्यांची आहे."

कारकुनाच्या ओठाचा एक कोपरा हलल्यासारखा वाटला, पण तेवढंच. तो म्हणाला, आणि या वेळी बाईंनी जवळजवळ सगळं समजून घेतलं, की अर्ज मुख्य अर्जदाराचा हवा, म्हणजे नवऱ्याचा, त्याने स्वतः इथे येऊन सही करायची. सुनावणी मागायची मुदत उद्या दुपारी संपते.

"उद्या?" बाईंनी मैनाकडे पाहिलं. मैनाने मान खाली घातली. तिला हेही माहीत होतं.

त्या दिवशी पाळक तुरुंगात होते. तिथे फोन फाटकावर जमा करून घेतात. मायलेकी घरी येऊन बसल्या. बाईंनी एकच कपाट दोनदा आवरलं. संध्याकाळी पाळक आले, चपला काढल्या, आणि दोघींची तोंडं बघून तिथेच दारात थबकले.

"कोण गेलं?"

"कोणी नाही," बाई म्हणाल्या. "आत या. बसा. मैना सांगेल."

मैनाने सगळं सांगितलं. बॅगांचंही सांगितलं. धाकटा वही बंद करून ऐकत होता. त्याला कोणी आत पाठवलं नाही.

"म्हणजे तुला वाटलं, मी सामान बांधीन," शेवटी पाळक म्हणाले.

"हो, पप्पा."

ते आपल्या हातांकडे बघत राहिले. "बांधलंही असतं कदाचित." मग बायकोकडे वळून म्हणाले, "प्रभूची इच्छा काय ते मला आधीच कळलेलं असतं, असा मी कधीपासून वागायला लागलो?"

"लग्नापासून," बाई म्हणाल्या.

धाकट्याला हसू फुटलं, आणि मग पाळकही थोडेसे हसले, पण त्यांचे डोळे हसत नव्हते. "नोंदणीचं मला विचारायला हवं होतं," ते म्हणाले. "हेड ऑफिस बघत असेल असं मी धरून चाललो. मी माझ्या कामात होतो." त्यांनी मैनाच्या डोक्यावर हात ठेवला. "पोरी, एवढं ओझं तू कशाला उचललंस?"

"मीच उचलते ना नेहमी," मैना म्हणाली. ती रागाने म्हणाली नव्हती, म्हणून ते जास्तच लागलं.

दुसऱ्या दिवशी कचेरी उघडायच्या आधीच चौघं दारात उभी होती. बाईंनी टोकन स्वतःच्या मुठीत घट्ट धरलं होतं, न जाणो कोणी म्हातारबुवा भेटले तर. सही झाली, शिक्का बसला. सुनावणीची तारीख मिळाली आणि तोवर राहण्याची परवानगी मिळाली. साहेबांचा दौरा मात्र अजून संपला नव्हता. मग पाळकांनीच हेड ऑफिसला फोन लावला, आणि त्यांचा आवाज इतका चढला की बाई मशीन सोडून वर धावत आल्या. देवमाणसाला असं बोलता येतं हे त्यांना लग्नाला इतकी वर्षं होऊनही माहीत नव्हतं. नोंदणीचे कागद आठवड्याभरात निघाले.

तरीही मधले दिवस कसे गेले ते विचारू नये. सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतात, पण थांबायचं कोणत्या पायावर ते कोणी सांगत नाही. धाकट्याला नवे बूट घ्यायचे की नाही, मैनाने कॉलेजचा अर्ज भरायचा की नाही, सगळं अधांतरी.

सुनावणीची खोली लहान होती. टेबलामागे एक अधिकारी बाई. तिला सर्दी झाली होती आणि ती सारखी रुमाल शोधत होती. पाळक सेवाकार्याबद्दल बोलले, मैनाने भाषांतर केलं. बोलणं मनापासून होतं, पण लांबलं. अधिकारी बाईने घड्याळाकडे पाहिलं आणि सरळ शिवणबाईंना विचारलं, की हे काम इथलंच कोणी दुसरं करू शकणार नाही का?

मैनाने तोंड उघडलं, पण बाईंना प्रश्न कळला होता.

"करू शकेल," त्या म्हणाल्या. पाळकांनी दचकून पाहिलं. "शिवण कोणीही शिकवेल. पण माझ्या वर्गातल्या एकीचा कोट अर्धा शिवून झालाय. ती नोकरीच्या मुलाखतीला तो घालणार आहे. मी गेले तर ती दुसऱ्या बाईकडे जाणार नाही. तो तसाच टाकून देईल. मला माहीत आहे ती." पुढचे शब्द त्यांना सापडेनात. त्यांनी मैनाकडे पाहिलं, मग स्वतःच म्हणाल्या, "त्यांना एकदा सोडून गेलेली माणसं पुष्कळ आहेत."

अधिकारी बाईने काही लिहून घेतलं. चेहरा जरासुद्धा पालटला नाही. निकाल टपालाने कळवू, ती म्हणाली, आणि नाक शिंकरलं.

निकाल आला तो एका दुपारी. धाकट्याने पाकीट जिन्यातून पळत वर आणलं. ते कोणी फोडावं यावर क्षणभर सगळेच थांबले. पाळकांनी ते मैनाकडे दिलं. मैनाने फोडलं, भरभर नजर फिरवली, आणि तिचे खांदे खाली आले.

"मिळालं. राहायचं."

पाळकांनी डोळे मिटले. धाकट्याने आरोळी ठोकली. बाईंनी मात्र खुर्ची ओढली आणि मैनाच्या समोर बसल्या.

"आता नीट वाच. पहिल्यापासून. प्रत्येक ओळ."

"आई, मिळालंय म्हटलं ना."

"ऐकलं. वाच."

मैनाने आईकडे पाहिलं, मग कागद टेबलावर सपाट केला. एकेका ओळीवर बोट ठेवून ती वाचायला लागली, आधी त्यांच्या भाषेत, मग आपल्या. परवाना एका वर्षाचा आहे. नोंदणी चालू राहिली तरच तो टिकेल. मैनाचं नाव कुटुंबाच्या फायलीतून कमी केलं आहे, तिचं कार्ड वेगळं निघेल. पुढच्या वर्षी अर्ज पुन्हा नव्याने तपासला जाईल.

तिथे ती थांबली. बाईंनी वाट पाहिली.

"पुढच्या वेळी नाकारला तर सुनावणी मागता येणार नाही," मैना म्हणाली. "तोच निकाल अंतिम."

बाईंनी खुर्ची आणखी पुढे ओढली.

"हं," त्या म्हणाल्या. "पुढे?"